‘कासव’ : मिटलेल्या मुलाकडे कसे पाहावे?

विज्ञानविषयक मासिकात चित्रपटाचे परीक्षण कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. किशोरवयातील नैराश्य आणि स्वतःला इजा करून घेण्याची प्रवृत्ती हा आज शाळेपुढचा आरोग्याचा प्रश्न आहे. त्याविषयी शास्त्रीय माहिती भरपूर आहे; पण शिक्षकांपर्यंत ती पोचते बहुधा परिपत्रकाच्या भाषेत. ‘कासव’ हा मराठी चित्रपट त्यातली बरीचशी माहिती माणसांच्या रूपाने समोर ठेवतो. तो ती किती बरोबर मांडतो, आणि कुठे त्याच्यावर विसंबून चालणार नाही, हे तपासावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रश्न किती मोठा आहे ते आधी पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातले होते, आणि राज्यवार यादीत आपले राज्य पहिले होते. दहावी-बारावीत राज्याचा पहिला कोण याची जेवढी चर्चा होते, तेवढी या पहिल्या क्रमांकाची होत नाही. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित विचार केला तर सुमारे एक-तृतीयांश मानसिक आजारांची सुरुवात वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत आणि जवळजवळ निम्म्यांची अठराव्या वर्षापर्यंत झालेली असते. म्हणजे मूल शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात असतानाच. घरच्या माणसांखेरीज त्याला रोज पाहणारी व्यक्ती म्हणजे शिक्षक.

चित्रपट आणि त्याचे कर्ते

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या दिग्दर्शकद्वयाचा ‘कासव’ २०१७ साली प्रदर्शित झाला. त्याच वर्षी जाहीर झालेल्या ६४व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’ आणि ‘कोर्ट’ यांच्यानंतर हा मान मिळवणारा तो पाचवा मराठी चित्रपट. या जोडीने मनाच्या आजारांवर आधीही काम केले होते. ‘देवराई’ स्किझोफ्रेनियावर होता, ‘अस्तु’ स्मृतिभ्रंशावर. शिक्षकांना त्यांचा ‘दहावी फ’ (२००२) आठवत असेल. नापासांची तुकडी म्हणून बाजूला काढलेल्या मुलांची ती गोष्ट होती. सुमित्रा भावे यांचे २०२१ साली निधन झाले. ‘कासव’चे एक निर्माते आणि त्यात दत्ताभाऊंची भूमिका करणारे डॉ. मोहन आगाशे हे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, हेही लक्षात ठेवावे.

कथा साधी आहे. जानकी (इरावती हर्षे) ही नैराश्यातून सावरत असलेली स्त्री. कोकणात सागरी कासवांच्या संरक्षणाचे काम करणाऱ्या दत्ताभाऊंकडे ती मदतीला येते. वाटेत तिला एक तरुण (आलोक राजवाडे) आजारी अवस्थेत सापडतो. त्याने आत्महत्येचा प्रयत्न केलेला आहे. नाव-गाव न विचारता ती त्याला घरी आणते. तिच्या गाडीचा चालक यदू (किशोर कदम) याला हे मुळीच पसंत नाही. पुढचा चित्रपट म्हणजे या तरुणाचे हळूहळू माणसांत येणे.

काय बरोबर साधले आहे

पहिली गोष्ट म्हणजे हा तरुण केविलवाणा दाखवलेला नाही. तो तुसडा आहे, चिडका आहे, उपकार करणाऱ्यालाच टाकून बोलतो. प्रेक्षकालाही काही वेळा त्याचा राग येतो. हे चित्रण शास्त्राला धरून आहे. नैराश्य म्हणजे सतत रडणे असा आपला समज असतो. किशोरवयात मात्र नैराश्य अनेकदा उदासीपेक्षा चिडचिडीच्या रूपाने दिसते. त्याच्या जोडीला झोप बिघडते, भूक बदलते, आवडत्या गोष्टींतला रस जातो, लक्ष लागत नाही, गुण घसरतात. ही लक्षणे दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ टिकली तर तो निव्वळ ‘वयाचा परिणाम’ समजू नये. वर्गात उलट उत्तरे देणारा मुलगा आपल्याला उद्धट वाटतो. तो आजारी असेल हे आपल्या मनातही येत नाही. शेतीत पान पिवळे पडले की आम्ही झाडाला दोष देत नाही. मुळाशी पाणी साचले आहे का, अन्नद्रव्य कमी पडले आहे का, कीड आहे का, हे पाहतो. मुलांच्या बाबतीत मात्र आपण कारणाआधी शिक्षा शोधतो.

दुसरी गोष्ट, चित्रपटात उपदेश नाही. ‘तुला काय कमी आहे?’, ‘आमच्या वेळी तर…’, ‘जरा मन घट्ट कर’ ही आपल्याकडची नेहमीची औषधे जानकी वापरत नाही. ती जेवायला वाढते, जवळ राहते, आणि त्याने ताट बाजूला सारले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा वाढते. ती स्वतः या वाटेने गेलेली असल्यामुळे तिला ठाऊक आहे, की नैराश्य असलेल्या माणसाला ‘मन घट्ट कर’ म्हणणे हे ताप असलेल्याला ‘अंग थंड कर’ म्हणण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे परशू. ज्याच्यामागे घरदार नाही असा हा धीट पोरगा तरुणाशी सरळ मैत्री करतो. त्याच्या आजाराचे परशूला भय नाही आणि कौतुकही नाही. संकटातले मूल बहुधा आधी मोठ्यांशी बोलत नाही, सोबत्याशी बोलते, हे शिक्षकांनी यातून घ्यावे. म्हणून ‘मित्राने असे काही सांगितले तर ते गुपित ठेवायचे नाही, विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगायचे, ही चहाडी नव्हे’ हे सगळ्या वर्गाला आधीच सांगून ठेवलेले असावे.

आणखी एका दृष्टीने हा चित्रपट महत्त्वाचा आहे. आत्महत्येच्या रंगवून सांगितलेल्या बातम्यांमुळे अनुकरण वाढते, हे बराच काळ माहीत आहे. व्हिएन्नाच्या संशोधकांनी २०१० साली याची दुसरी बाजू मांडली. मनात असा विचार येऊनही संकटातून तरून गेलेल्या माणसांच्या हकिकती छापून आल्या, त्यानंतर आत्महत्यांचे प्रमाण कमी आढळले. या परिणामाला त्यांनी मोझार्टच्या १७९१ सालच्या एका संगीतिकेतल्या पापागेनो या पात्राचे नाव दिले. निराश झालेल्या पापागेनोला तीन मुले वेळेवर दुसरी वाट दाखवतात. ‘कासव’ या जातीची गोष्ट आहे. ती मरणाची नाही, परत येण्याची आहे.

शीर्षकातले कासव

भाट्याच्या किनाऱ्यावर राहून काम करणाऱ्या माणसाचे लक्ष साहजिकच कासवाकडे जाते. कासव म्हटले की आपल्याला अंग आक्रसून घेणारा प्राणी आठवतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञासाठी हीच उपमा येते : कासव जसे अवयव आत ओढून घेते, तशी त्याने इंद्रिये विषयांपासून आवरलेली असतात. ही उपमा आपल्या हाडीमाशी इतकी मुरलेली आहे, की मिटून बसणे हे आपल्याला शहाणपणाचे लक्षण वाटते. प्रगतिपुस्तकावर ‘शांत व आज्ञाधारक’ असा शेरा आपण कौतुकाने लिहितो. ‘पोरगी कुणाच्या अध्यात ना मध्यात’ हे आईबापही अभिमानाने सांगतात.

इथे दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक प्राणिशास्त्राची. कोकणात अंडी घालायला येणारे ऑलिव्ह रिडले हे सागरी कासव आहे, आणि सागरी कासवांना डोके आणि वल्ह्यांसारखे पाय कवचात ओढून घेताच येत नाहीत. ते काम जमिनीवरच्या आणि गोड्या पाण्यातल्या अनेक कासवांचे. सागरी कासवाचे कवच पोहण्यासाठी चपटे आणि निमुळते झालेले आहे. लपण्याची सोय त्याने गमावलेली आहे. दुसरी गोष्ट वर्गातली. स्थितप्रज्ञाचे आवरणे हे त्याच्या इच्छेने असते. नैराश्यातले मिटणे हे इच्छेने नसते. तो आजार आहे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून नेहमी हसतेखेळते असणारे मूल गेल्या महिन्याभरात गप्प झाले असेल, तर ‘सुधारला बरं का’ असे न म्हणता थांबून पाहावे. मूल मुळात अबोल असणे आणि अबोल होणे यांत फरक आहे, आणि तो फरक वर्षभर मुलांना पाहणाऱ्यालाच कळतो.

रूपकाचा दुसरा भाग पिल्लांचा. मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते, ती झाकते आणि समुद्रात निघून जाते. ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर येतात आणि एकटी समुद्राकडे धावतात. यावरून ‘आपली वाट आपणच शोधायची’ असा बोध काढणे सोपे आहे. पण आपल्या किनाऱ्यावर प्रत्यक्षात काय घडते ते पाहा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २००२ साली मंडणगड तालुक्यातल्या वेळास येथे संरक्षणाचे काम सुरू केले. पुढे अनेक गावांत ते पसरले. गावकरी पहाटे किनारा धुंडाळतात, घरटे सापडले की अंडी जपून उचलून भरतीच्या रेषेच्या वर, कुंपण घातलेल्या जागेत तशाच खड्ड्यात पुरतात. कुत्री, कोल्हे आणि माणसे यांपासून ती राखतात. पिल्ले निघाली की त्यांना पाण्यात नेऊन टाकत नाहीत. वाळूवर ठेवतात आणि चालू देतात. पिल्ले उजळ क्षितिजाच्या रोखाने जातात, म्हणून किनाऱ्यावरचे भलते दिवे त्यांना चकवतात. ते दिवे बंद ठेवतात.

कुंपण घालायचे, राखण करायची, चुकवणारे दिवे मालवायचे, पण चालायचे त्यानेच : शिक्षकाच्या कामाचे याहून चांगले वर्णन मला सुचत नाही. चित्रपटात जानकीचे काम नेमके हेच आहे. ‘एकट्याने वाट शोधली’ हा त्याचा बोध नव्हे.

कुठे विसंबू नये

आता त्रुटींकडे. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची त्रुटी न विचारण्याची आहे. जानकीचे ‘काही विचारायचे नाही’ हे धोरण चित्रपटात सुंदर दिसते. चौकशीचा भडिमार करू नये हे खरेच. पण शिक्षकाने यातून ‘आत्महत्येचा विषयच काढू नये, नाही तर नसलेला विचार डोक्यात येईल’ असा अर्थ घेतला तर ते घातक ठरेल. ही समजूत शास्त्राने तपासून पाहिली आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा माध्यमिक शाळांतील २,३४२ विद्यार्थ्यांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना प्रश्नावलीत आत्महत्येच्या विचारांविषयी थेट विचारले, काहींना विचारले नाही. विचारलेल्या मुलांत त्रास किंवा तसे विचार वाढलेले दिसले नाहीत. उलट आधीपासून नैराश्य असलेल्या किंवा असा प्रयत्न केलेल्या मुलांना विचारल्याने थोडा दिलासाच मिळाल्याचे दिसले. तेव्हा शंका आली तर एकांतात, शांतपणे, सरळ विचारावे : ‘हल्ली तू फार गप्प असतोस. जगणं नको असं मनात येतं का? जीव द्यावा असं वाटतं का?’ उत्तर ‘हो’ आले तर घाबरू नये, व्याख्यान देऊ नये, आणि त्याला एकटे सोडू नये.

दुसरी त्रुटी उपचारांविषयी आहे. तरुण सावरतो तो मुख्यतः घर, माणसे आणि समुद्र यांच्या सहवासात. वैद्यकीय उपचार पार्श्वभूमीला राहतात. चित्रपटाची ती गरज असेल. प्रत्यक्षात आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या मुलाला डॉक्टरांकडे न नेता घरी प्रेमाने ठेवणे पुरेसे नाही. पहिल्या प्रयत्नानंतरचे काही आठवडे आणि महिने जास्त धोक्याचे असतात. प्रशिक्षित माणसाकडून संवादातून होणारे उपचार आणि गरजेप्रमाणे औषधे यांची जोड लागते. औषधांचा गुण दिसायलाही काही आठवडे जातात, आणि सुरुवातीच्या काळात मुलावर बारीक लक्ष ठेवावे लागते. प्रेम ही उपचारांची जागा नव्हे, उपचार टिकवणारी गोष्ट आहे.

तिसरी त्रुटी परिस्थितीची. समुद्राकाठचे घर, गाडी, चालक, मोकळा वेळ हे जानकीकडे आहे. भाट्याचा पूल ओलांडून रत्नागिरीत शिकायला जाणाऱ्या मुलांच्या शिक्षकांकडे साठ मुलांचा वर्ग आणि पस्तीस मिनिटांची तासिका आहे. म्हणून चित्रपटाचे अनुकरण नको. त्यातले थोडके घ्यावे : रोज दोन मिनिटे त्या मुलाशी बोलणे, अपमान न करणे, आणि योग्य ठिकाणी पोचवणे.

चित्रपटात नसलेली गोष्ट

चित्रपटाचा नायक वयाने शाळेच्या पुढचा आहे, आणि त्याची गोष्ट आत्महत्येच्या प्रयत्नाची आहे. शाळेत अधिक वेळा दिसते ते वेगळे : मरण्याचा हेतू नसताना मुलाने पुन्हा पुन्हा स्वतःला इजा करून घेणे. याची सुरुवात बहुधा १२ ते १४ या वयात होते. असह्य झालेली भावना शरीराच्या वेदनेने काही काळ निवते, असा या मुलांचा अनुभव असतो. तो दिलासा टिकत नाही, म्हणून कृती पुन्हा घडते. ‘लक्ष वेधून घ्यायला नाटक करते’ हा शेरा इथे सर्वस्वी चुकीचा आहे, कारण बहुतेक मुले ही गोष्ट लपवतात. कोकणातल्या दमट उकाड्यात सतत लांब बाह्या घालणे, खेळाच्या तासाला कपडे बदलायचे टाळणे, जखमांची न पटणारी कारणे सांगणे ही लपवण्याची चिन्हे असतात. हेतू मरण्याचा नसला तरी अशा मुलांना पुढे आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो, म्हणून दुर्लक्ष परवडणारे नाही.

असे आढळले तर आधी जखमेची काळजी घ्यावी, चेहऱ्यावर किळस किंवा संताप दाखवू नये. शिक्षकखोलीत चर्चा करू नये. ‘पुन्हा करणार नाही’ अशी शपथ घ्यायला लावू नये. ती मोडली की मूल आपल्यालाही टाळू लागते. आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचनही देऊ नये. ‘तुझ्या सुरक्षिततेसाठी ज्यांना सांगायलाच हवे त्यांनाच सांगेन, आणि आधी तुला सांगून’ एवढे म्हणावे.

कुंपणाची गोष्ट इथे शब्दशः लागू पडते. जिवावर उठण्याची तीव्र ऊर्मी अनेकदा थोडा वेळच टिकते. त्या वेळात घातक वस्तू हाताशी नसेल तर जीव वाचतो. श्रीलंकेने १९९५ नंतर अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि २००५ पर्यंत तिथले आत्महत्यांचे प्रमाण जवळपास निम्मे झाले. शेतीच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी हे विसरू नये. आपल्या आंबा-काजूच्या बागायतीत फवारणीची औषधे पडवीत किंवा मांगरात उघडी ठेवलेली असतात. ती कुलपात ठेवावीत, घरातल्या गोळ्याही मोजून आणि कुलपात ठेवाव्यात, हे पालकांना शिक्षकाने सांगणे ही साधी गोष्ट एखाद्या समुपदेशनाइतकी मोलाची आहे.

कुठे न्यावे?

रत्नागिरीत शासनाचे शंभर वर्षांहून जुने प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. राज्यात अशी चारच आहेत. दुर्दैवाने आपल्या मुलांना त्याचे नाव माहीत असते ते चिडवण्यापुरते. वर्गात ही थट्टा चालू दिली, तर ज्याला गरज आहे ते मूल तोंड उघडणार नाही. जिल्हा रुग्णालयातही जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून मदत मिळते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो विनामूल्य आहे आणि चोवीस तास चालतो. फळ्याच्या कोपऱ्यात तो कायम लिहून ठेवायला हरकत नाही.

पोलीस प्रकरण होईल या भीतीने अनेक प्रयत्न दडपले जातात. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आहे. त्याच्या ११५व्या कलमाप्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे धरायचे असते. तिला शिक्षा नव्हे तर उपचार व पुनर्वसन देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंडविधानातले जुने ३०९वे कलमही इतिहासजमा झाले. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निर्देशांत १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक नेमावा असे सांगितले. कोकणातल्या कित्येक शाळांचा पट शंभराच्या आत आहे. अशा छोट्या संस्थांनी बाहेरच्या मानसिक आरोग्यतज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावे अशी अपेक्षा आहे. मुख्याध्यापकांनी हे जोडणे प्रसंग येण्याआधी करावे. प्रसंग आल्यावर दूरध्वनी क्रमांक शोधायला वेळ नसतो.

तर मग दाखवावा का?

‘कासव’ जरूर पाहावा आणि दाखवावा. पण आधी शिक्षकांनी एकत्र बसून पाहावा, मग पालकांना दाखवावा. नववीच्या पुढच्या मुलांना दाखवायचा असेल तर समुपदेशकाच्या उपस्थितीत, आधी विषय सांगून, ज्याला उठून जावेसे वाटेल त्याला जाऊ देऊन. नंतर अर्धा तास बोलण्यासाठी राखून ठेवावा. चर्चेला तीन प्रश्न पुरेत. यदूला त्या तरुणाची अडचण का वाटली? जानकीने काय केले नाही? आणि आपल्या गावात असे कुणी असेल तर त्याला कुठे न्यायचे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर चित्रपटात नाही. ते प्रत्येक शाळेने स्वतः तयार करून ठेवावे.